वसंतभाऊजींनी पाडलेली आठ भोकं

जाऊबाईंचा फोन आला तेव्हा मी उपकेंद्राच्या ओट्यावर बसून लसींचा डबा पुसत होते. "तुझे भाऊजी गेले गं," एवढंच त्या म्हणाल्या आणि पलीकडे नुसतं शांत झालं. रडणं नाही, कुणाचं बोलणं नाही, भांड्याचा आवाजसुद्धा नाही. मला आधी काय वाटलं ते लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी. मला वाटलं, त्या घरात आता तरी कुणी मोठ्यानं रडायला हरकत नाही... गेलेल्या माणसाविषयी चांगलं तेवढंच लिहायचं असतं, हे मला माहीत आहे. आमच्या जव्हारच्या घरी महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी चांगलं बोलून घेतलेलं आहे. त्यात मी भर घालणार नाही.

वसंतभाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी नाशिककडे मोटारींच्या एका कारखान्यात काढली. तिथे त्यांचं काम एकच होतं. तयार झालेल्या गाडीत बसायचं, ती खडबडीत पट्ट्यावरून फिरवायची आणि कुठे काय वाजतंय ते सांगायचं. दिवसभर कान टवकारून बसणारा माणूस घरी येऊन कान काढून ठेवत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या घरात खिडक्यांच्या फटींत कागदाच्या घड्या होत्या, मिक्सरखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे होते आणि जाऊबाईंचे पैंजण डब्यात होते. लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी "हे वाजतात" म्हणून काढायला लावलेले. त्यांनी पुन्हा घातले नाहीत. लोक म्हणायचे, काय शांत घर आहे! मला त्या घरात जेवताना पापड मोडायची भीती वाटायची.

माझ्याशी ते कधी सरळ बोलले नाहीत. धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्यानं मोजकं बोलावं ही जुन्या घरांची रीत, पण भाऊजींनी तिचा पुरेपूर फायदा घेतला. मी समोर उभी असायचे आणि ते ह्यांना म्हणायचे, "दिलीप, तिला सांग, मीठ कमी पडलंय." मग मीही ह्यांनाच सांगायचे, "त्यांना सांगा, मीठ समोरच आहे." तेवीस वर्षं आमच्यामधला निरोप्या होऊन हे थकले. निवृत्तीनंतर भाऊजी जव्हारला परत आले, घरामागे पत्र्याची शेड टाकली, वेल्डिंगचं यंत्र आणलं. गावातल्या जीपवाल्यांना त्यांनी इतकी बोलणी ऐकवली की वर्षभरात एकही जीप त्यांच्या दारात उभी राहीना. उरली माझी गाडी.

ती गाडी मी जुनीच घेतली होती, छोटी, पांढरी. माझं उपकेंद्र वावर-वांगणीच्या बाजूला. महिन्यातून एक मंगळवार मी वांगणीच्या पुढच्या एका पाड्याला लसीकरण आणि गरोदर बायांची तपासणी करायला जाते. रस्ता म्हणजे काय ते तिकडे गेलेल्यांना ठाऊक आहे, आणि न गेलेल्यांना सांगून पटायचं नाही. शेवटच्या वळणापासून तर नुसती उखणलेली खडी. तिथे माझ्या गाडीचं जे काही वाजायचं... दारं, डिक्की, मागची सीट, डॅशबोर्ड. पाडा रस्त्याच्या खाली, उतारावर. गाडी वर मोहाच्या झाडाखाली लावायची, चटई टाकायची. माझं रजिस्टर उघडून होईपर्यंत बाया पोरं काखेला मारून वर आलेल्या असायच्या. मोबाइलला तिथे रेंज नाही, पाड्याच्या आशा सेविकेची जागा त्या काळात रिकामी होती, तरी मी आल्याचं बायांना कळायचं कसं, याचा विचार मी कधी केला नव्हता.

एका दिवाळीत आम्ही सगळे मोखाड्याला पाहुण्यांकडे माझ्या गाडीतून गेलो. भाऊजी मागे बसले होते. अर्ध्या वाटेत त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून कानांवरून बांधला. परत आल्यावर सगळ्यांना अंगणात थांबवून घेतलं. एक धोंडा आणला, गाडीचं पुढचं डावं चाक त्यावर चढवायला लावलं आणि म्हणाले, "दिलीप, तिला सांग, दार लाव म्हणावं." मी दार लोटलं. ते खाली घासलं आणि लागेना. पुन्हा जोरात लोटलं, तरी अर्धवटच. भाऊजींचा चेहरा असा काही उजळला की मला तो दगड त्यांच्या पायावर टाकावासा वाटला. "बघ! सांगाडा पिळवटतोय, जुन्या खाटेसारखा. नट आवळून हे जाणार नाही. आडवे दांडे टाकावे लागतील, ब्रेस. पुढे बॉनेटखाली एक, मागे सीटच्या पाठीशी एक आणि तळाला दोन पट्ट्या. तळाला भोकं पाडावी लागतील, आठ." मी ह्यांच्याकडे बघून स्वच्छ सांगितलं, "त्यांना सांगा, माझ्या गाडीला एकही भोक पाडायचं नाही."

पुढच्याच आठवड्यात मी चार दिवसांच्या प्रशिक्षणाला पालघरला गेले. किल्ली ह्यांनी दिली. "दादा ऐकेचना," हे त्यांचं स्पष्टीकरण, आणि ते मी त्यांच्या खात्यात अजून तसंच ठेवलं आहे. मी आले तेव्हा गाडी शेडबाहेर उभी होती, धुतलेली. बॉनेट उघडं ठेवलेलं, मला दिसावं म्हणून. पुढच्या दोन्ही चाकांचे शॉकअप जिथे वर येऊन बसतात, तिथे या बाजूपासून त्या बाजूपर्यंत काळा रंगवलेला जाड नळीचा दांडा. तळाला दोन पट्ट्या, आठ भोकं, आठ बोल्ट, प्रत्येक भोकाच्या कडेला गंज चढू नये म्हणून रंगाचा हात. डिक्कीकडचा दांडा त्यांनी तीनदा कापून पुन्हा जोडला होता म्हणे, कारण दोन्ही टोकांना केसभर फरक राहत होता. तोच धोंडा, तेच चाक. "तिला सांग, दार लाव." मी एका बोटानं लोटलं. टक्. लागलं. मी घरात गेले आणि दोन दिवस जेवले नाही.

गाडी चांगली झाली, हे लिहायला माझ्या जिवावर येतं. मान दुखायची ती थांबली. वळणावर ती दबून, एकसंध जायला लागली. पुढच्या मंगळवारी मी वांगणीच्या पुढच्या खडीवरून गेले तर आत कसलाही आवाज नाही. मोहाखाली पोचले, चटई टाकली, रजिस्टर उघडलं. कुणी आलं नाही. तासभर बसले. हॉर्न दिला, पण त्या रस्त्यानं जाणारी प्रत्येक जीप कोंबडी आडवी आली तरी हॉर्न देते. भाताची कापणी, झोडणी आटोपली होती. या दिवसांत घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात. मी ठरवून टाकलं, गेले असणार. उतार मोठा होता, ऊन चढलं होतं. खाली न जाता मी रजिस्टरमध्ये सात गरोदर बायांच्या नावापुढे लिहिलं, 'स्थलांतरित'. आणि त्या गुळगुळीत गाडीत बसून परत आले.

पाडा कुठेही गेलेला नव्हता. बाया घरात होत्या, मी येण्याची वाट बघत. त्यांतली मंगली सातव्या महिन्यात होती. मागच्या खेपेलाच तिचं बीपी मला आवडलं नव्हतं, आणि या मंगळवारी पुन्हा बघायचं म्हणून मी तिच्या नावाखाली दोन रेघा मारल्या होत्या. आठ दिवसांनी तिला झटके आले. चौघांनी झोळीत घालून तिला उतारावरून वर आणलं, जीपनं जव्हारला नेलं. मंगली वाचली. मूल वाचलं नाही. मी दवाखान्यात तिच्या खाटेशी उभी राहिले तेव्हा ती मला म्हणाली, "सिस्टर, तू त्या मंगलवारी आलीच नाय." मी म्हटलं, आले होते, तासभर बसले होते. तिनं मान हलवली. "नाय. तुझी गाडी वाजलीच नाय. ती वलनावर वाजली का आमी निगतो. माना वाटला, सिस्टरला मिटिंग लागली आसंल."

तिथून मी सरळ शेडमध्ये गेले. भाऊजी कानस चालवत होते. त्या दिवशी मी कुणाच्या मार्फत बोलले नाही. माझा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू गेला असं शेजारीण सांगते. तुमच्या कानांचे लाड पुरवायला एक मूल गेलं म्हटलं, तुम्ही माणसांचा आवाज बंद करत करत आता गाड्यांवर आलात म्हटलं, पैंजणांचंसुद्धा काढलं. आत्ताच्या आत्ता ते दांडे काढा, माझी खडखड मला परत द्या. जाऊबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. भाऊजींनी कानस खाली ठेवली, हात पुसले आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याकडे बघून, मला बोलले.

"गाडीचा आवाज मी काढला. तुझे पाय नाही काढले. पाडा किती लांब होता?"

...अर्धा किलोमीटर. वीस मिनिटांचा उतार. त्यांनी कानस उचलली आणि काम पुढे चालू केलं. मला दुसरा कुणी असं बोलला असता तर कदाचित मी तिथेच रडले असते. या माणसासमोर मला रडायचं नव्हतं. एवढ्या वर्षांत माफी मागायला म्हणून एकदा तोंड उघडता आलं असतं, ते त्यांनी मला दोषी ठरवायला उघडलं. आणि ते खरं होतं, म्हणून मी त्यांना कधीही माफ केलं नाही. रजिस्टरमधलं ते 'स्थलांतरित' मी त्याच दिवशी खोडून दुरुस्त केलं, वर कळवलं, चौकशीला सामोरी गेले, जबाब दिला. ते सगळं सोसवलं. ही तीन वाक्यं सोसवली नाहीत.

त्यानंतर त्या पाड्याला मी गाडी मोहाखाली लावून खाली चालत जाते. प्रत्येक खेपेला, डबा खांद्याला लावून. दांडे काढले नाहीत, कारण दुसऱ्या मेकॅनिकनं सांगितलं, काढले तर भोकं उघडी पडतील आणि तळ सडेल. उतरताना मी भाऊजींना शिव्या घालते. मनातल्या मनात नाही, माझा तसा स्वभाव नाही. पाय घसरला की एक, डबा खांद्याला टोचला की एक. "कुणाला विचारून भोकं पाडलीत? पाय नाही काढले म्हणे! या ना इथे, उतरून दाखवा एकदा." वीस मिनिटं पुरेल एवढा साठा माझ्याकडे कायम असतो. परत चढताना दम लागतो, म्हणून तेव्हा गप्प.

शेवटच्या आजारात त्यांचं बीपी बघायला मीच जायचे. दुसरं कोण जाणार? छातीचं दुखणं होतं, आवाज बसला होता. पट्टा बांधला की ते भिंतीकडे बघत ह्यांना म्हणायचे, "तिला सांग, फार आवळते." शेवटच्या खेपेला मी उठले तेव्हा ते म्हणाले, "दिलीप, तळाचे नट पावसाळ्यानंतर एकदा बघायला सांग तिला." काही पश्चात्ताप, काही मंगलीची चौकशी... काही नाही. नट. मी ह्यांना म्हटलं, "त्यांना सांगा, बघते." आमचं शेवटचं बोलणं हे असं झालं.

दहाव्याहून आल्यावर हे मला म्हणाले, "आता तरी दादाच्या नावानं बोलू नकोस. माणूस गेला." ह्यांचे डोळे सुजलेले होते. मी कबूल केलं. मी शब्द दिला की पाळते.

मंगळवारी मोहाखाली गाडी लावली आणि तोंड मिटून उतार उतरले. पाय घसरला, तरी गप्प. एवढी शांतता त्या उतारावर मला कधी जाणवली नव्हती. खाली पोचले तर एकही बाई तयार नाही. एरवी मी पोचते तेव्हा पोरं धुऊनपुसून अंगणात बसवलेली असतात, हे माझ्या पहिल्यांदाच लक्षात आलं. मंगली अंगणात नाचणी पाखडत होती, तिची नंतर झालेली, दोन वर्षांची पोरगी मातीत बसलेली. मला बघून ती दचकलीच.

"सिस्टर! तू कवा आली? आज बडबडत नाय आली?"

"म्हणजे?"

"तू वरून त्या भावजीला बोलत येतं ना. तां ऐकला का आमी पोरां धुतो. आज तुझा आवाजच नाय."

शेजारच्या दोघी हसायला लागल्या. त्यांना सगळं पाठ होतं. भोकं, दांडे, मीठ, पैंजण. मी ओट्यावर बसले आणि सांगितलं की ते भावजी वारले. हसणं थांबलं. मंगलीनं सूप खाली ठेवलं. या बाईचं मूल माझ्या आळसापायी गेलं. तिला हे माहीत आहे आणि मला हे माहीत आहे, आणि तिनं कधी एका शब्दानं काढलेलं नाही. तिनं पोरीला मातीतून उचललं आणि म्हणाली, "मेला? मंग आता आमाला कलंल कसां?"

मी लसी दिल्या, बीपी बघितलं, वर चढून आले.

परवा पुन्हा मंगळवार होता. मोहाखाली गाडी उभी केली, पुढचं डावं चाक एका धोंड्यावर चढलं होतं. बॉनेट उघडून काळा दांडा हलवून बघितला, वाकून तळाचे आठही नट बोटानं चाचपले. एकही ढिला नव्हता. दार एका बोटानं लोटलं. टक्. लागलं. ह्यांना दिलेला शब्द मी मोडणार होते आणि ते त्यांना सांगितलेलं नाही, पण हे ज्या पेपरच्या पुरवणीत छापून येईल ती ते वाचतात, तेव्हा कळेलच. डबा खांद्याला लावला, दोन पावलं उतरले आणि होता तेवढा आवाज काढून सुरुवात केली, "अहो भाऊजी, कुणाला विचारून पाडलीत ती भोकं?"

खाली पाड्यात कुणीतरी पोराच्या अंगावर पाणी ओतलं, आणि ते रडायला लागलं.