दोन जिपा आणि एक नारळ

पुण्याच्या रस्त्याला कुणीतरी जुन्या गाड्यांचं संग्रहालय काढलंय. त्याचे फोटो पोराच्या मोबाईलवर बघताना मला माझी जीप दिसली. हिरवी, गोल डोळ्यांची. मी त्याच दिवशी देवळालीच्या पारावर सांगून टाकलं, ही आपलीच. वडापाची. राहुरीपर्यंत किती माणसं नेली तिच्यातून! पुढं नागापूरच्या एका गॅरेजवाल्याला विकली, ती कुठं गेली कळलंच नव्हतं.

पारावरचे हसले. "आबा, समद्या जिपा सारख्याच दिसत्यात."

मी म्हणालो, "आपली म्हैस वळखू येती, मंग जीप न्हाई यायची?"

आता बोललो म्हणजे जाणं आलं. रविवारी निघालो. पोरगा गाडी चालवायला, मागं आमची मंडळी. तिच्या पिशवीत नारळ अन् कुंकवाची पुडी. इतक्या वर्षांनी लक्ष्मी भेटायची, हात हलवत कसं जायचं?

वाटेत भिंगारजवळ रणगाड्यांचं संग्रहालय पाहिलं, पोराची हौस. फुलझाडांतून तोफांची तोंडं बाहेर आलेली. माळ्याच्या पाईपाचं पाणी रणगाड्याच्या पट्ट्यावर उडत होतं. मी म्हणालो, "गंजंल की."

माळी म्हणाला, "गंजू द्या बाबा. आता कुठं जायचंय त्याला?"

लढाईची गाडी अन् तिचं हे असं. माझं डोकं तिथंच चालेनासं झालं.

फोटोतल्या संग्रहालयात सगळ्या गाड्या आरशासारख्या. कोपऱ्यात माझी जीप. मी पुडी सोडली अन् बॉनेटला कुंकू लावलं. मागून ही म्हणाली, "अवो, ती पल्याडची कोन मंग?"

खांबाआड अगदी तशीच दुसरी. तोच रंग, तेच डोळे. फोटोत एकच आली होती!

खूण होती माझ्याकडं. दसऱ्याला मी बंपरला भोकं पाडून घोड्याची नाल बसवली होती. वाकून वाकून पाहिलं. दोन्ही बंपर गुळगुळीत. तेवढ्यात राखणदार आला.

"हात लावू नका बाबा."

"बंपर नवं हाय का?"

"नवंच. पत्रा नवा, शीटा नव्या, इंजन दुसऱ्या गाडीचं."

"मंग जुनं काय ठिवलंय?"

त्यानं डोकं खाजवलं. "चेसी असंल, खालचा सांगाडा."

चेसीचा नंबर मला कधीच पाठ नव्हता. पोरगा म्हणाला, "आबा, मंग ही तुमची कशी म्हनायची?" मी परत बंपरखाली वाकलो. पण आमची मंडळी गप्प बसते होय?

"ह्यांचं दोन्ही गुडघं बदलल्यात, दात बसवल्यात, डोळ्यात भिंगं हायेत. मी इचारते का, ह्यो मानूस माझाच का म्हनून?"

राखणदार खो खो हसला. मला राग यावा का बरं वाटावं, तेच कळेना. मी गुमान दुसऱ्या जिपेलाही कुंकू लावलं. तसं त्याचं हसू गेलं. फडकं आणून त्यानं दोन्ही बॉनेटं पुसली. नारळ तर फोडूच दिला नाही.

संध्याकाळी पारापाशी गाडी थांबली. "आबा, सापडली का?"

"सापडली," मी ताठ मानेनं म्हणालो.

मागून ही म्हणाली, "एक न्हाई, दोन सापडल्या."

सगळे हसले. मी खाली उतरलो, तिथंच दगडावर नारळ फोडला अन् तुकडे वाटले. कशाचा परसाद म्हणून एकानं विचारलं. जिपेचा, म्हणालो. कुठल्या, ते मला अजून ठरवता येत नाही. पण दोघींतली एक आपलीच, हे काही मी सोडणार नाही.