आठ केंद्रकांचा साधू

अकोल्यात कोणाच्या आतड्यात कोण मुक्कामाला आहे, याची आमच्या वरच्या खोलीतल्या प्राध्यापकांइतकी खबर खुद्द ब्रह्मदेवालाही नसेल. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, पण वाघ-सिंहांवर त्यांचा लोभ नव्हता. जीव होता तो जंतांवर आणि अमीबांवर. त्यांची जात-पोटजात कळल्याशिवाय या गृहस्थांना जेवण गोड लागत नसे. भेटायला येणाऱ्याने काड्यापेटीतून 'नमुना' आणावा, हा तिथला रिवाज. नावं लिहिलेल्या काड्यापेट्या खिडकीत रांगेनं मांडलेल्या असत. एकदा त्यांच्या साडूंनी विडी पेटवायला त्यातलीच एक उघडली. साडूंची विडी सुटली, येणंजाणंही सुटलं. प्राध्यापकांना हळहळ एवढीच, "नमुना सांडवला ना त्यानं!"

मी रत्नागिरीकडचा, सातवीत शाळा सुटलेला, इथं त्यांच्या खोलीखालच्या खानावळीत भाकरी थापायचो. एका उन्हाळ्यात जेवणाऱ्यांपैकी काही जणांना आव लागली. मालकांनी आम्हा कामकऱ्यांना दवाखान्यात धाडलं आणि नेमकं माझ्या चिठ्ठीवर आलं : अमीबा. मालक म्हणाले, "उद्यापासून पिठाले हात लावू नको. तुह्या गावाले जाय." गावी आई माझ्या मनीऑर्डरीवर जगत होती. मी जिन्यातच बसून रडलो.

"काहून रडून राहिला बे?" प्राध्यापक वरून ओरडले. चिठ्ठी वाचून तर भडकलेच. "नुसतं अमीबा? उद्या पोलीस नुसतं 'माणूस' लिहून फाशी देतीन का? चोर हाये का साधू, हे नको सांगाले? जाय, ताजा नमुना आण!"

काचेवर आयोडीनचा थेंब पडला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते ओठांतल्या ओठांत मोजू लागले. मी भिंतीला टेकून रामरक्षा म्हणत होतो, तीही चुकत होती.

"आठ! केंद्रकं आठ हायेत! आतडं पोखरणाऱ्या हरामखोराले चारच असतात. हा साधू हाये बे, खाऊन पडून राहणारा. पण हात साबणानं धूत जाय!"

मलाही पाहायला लावलं. मला माझ्याच पापण्या दिसल्या. तरी "दिसलं" म्हणालो. छातीवरचा धोंडाच उतरला होता.

मालकांना मात्र पटेना. "तुमी शिकलेले लोक काई बी सांगता." प्राध्यापक सरळ पाटावर बसले. "याच्याच हातची भाकर वाढा. मले काही झालं तर याले हाकला."

दुसऱ्या दिवशी ते ठणठणीत जेवायला हजर. मग रोजच येऊ लागले. माझं काम टिकलं.

पुढं त्यांची अमरावतीला बदली झाली. राजापेठेत बिऱ्हाड केलं म्हणे. त्यांच्या पाटावर दुसरं कोणी बसलं की मला उगाचच राग यायचा. वाढायचो मात्र नीट.