कापूस अडकला तिथे

उशी अर्धीच भरून झाली होती. थोरलीच्या मांडीवर अभ्रा, केसांत कापूस, आणि दारात धाकटीची नवीकोरी कार्बनची सायकल. क्लबने दिलेली. ती दिसली की थोरलीच्या पोटात दुखायचं. दिवसभर दुकानात परक्यांच्या सायकली दुरुस्त करणारी ही बाई एके काळी शर्यती जिंकायची, हा विषय घरात कुणी काढतसुद्धा नसे.

"ताई, हँडल हलतंय गं. आवळून दे ना. उद्या शर्यत आहे."

"इतके दिवस कोण आवळत होतं?"

"मीच. सटकत होतं, म्हणून चांगलं दाबून आवळलं."

थोरलीने हँडलच्या मधली टोपी काढली, बोल्ट सैल केले, हँडल उचललं. हँडल जिच्यावर बसतं ती खालची नळी ग्रीसने माखलेली.

"कार्बनला ग्रीस? मग सटकणारच! याला खरखरीत पेस्ट लागते. आणि बोल्ट आळीपाळीने, मापाच्या पान्यावर आकडा बघत आवळायचे. तू तर पैलवानासारखे पिळलेस."

नळी पुसून तिने उजेडात धरली. केसाएवढी रेघ. क्षणभर वाटलं, गप्प बसावं. कळू दे हिलाही, पडणं काय असतं ते. आणि अंगावर काटा आला. देवा, हे काय सुचवतोस!

"नळी चिरलीय. उद्या हिच्यावर बसायचं नाही."

आतून आई म्हणाली, "झालं! तिचं चांगलं तुला कधी बघवलंय?"

धाकटीचा आवाज चढला. "खरं सांग ताई, जळतेस ना माझ्यावर?"

"जळते. उठता-बसता जळते. तरी नळी चिरलेलीच आहे." तिने मूठभर कापूस पुढे केला. "माझं नको ऐकूस. हा नळीवरून फिरव."

धाकटीने फिरवला. कापूस सरसर घसरला आणि एका जागी तंतू अडकले. पुन्हा फिरवला, पुन्हा तिथेच. तिचं तोंड एवढंसं झालं. थोरलीला आत कुठेतरी गार वाटलं, हेही खरं.

"मग उद्या?"

"माझी ने." बोलून गेली आणि तिने जीभ चावली. गॅलरीत चादरीखाली ठेवलेल्या त्या सायकलीला तिने कुणाला बोटही लावू दिलं नव्हतं. "जिंकलीस तर सायकल कुणाची, ते मोठ्याने सांगायचं. नाहीतर घरी पायी ये."

"अगं, उशी?" आई म्हणाली.

"तू भर."

चपला सरकवून थोरली निघाली. जुन्या सायकलीची ब्रेकची तार गंजली होती. दुकान बंद व्हायच्या आत नवी आणायची होती.