ताप आलेला अँकर

माझी पोस्टिंग जबलपूरलाच आली तेव्हा तिथल्याच गढा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी पेढे वाटले. आईला वाटलं, पोरगा आता रोज जेवायला येईल. अहो, फौज ती! सकाळी पीटी, दुपारी क्लास, संध्याकाळी गेम्स. घर हाकेच्या अंतरावर, पण आईच्या हातची पोळी रविवारच्या आउटपासवर.

त्या हिवाळ्यात आमची कंपनी रस्सीखेचच्या फायनलला पोहोचली. रस्सीच्या शेवटी, अँकरच्या जागेवर, नायक सुदाम वाघाडे. काटोलकडचा दांडगा गडी, पण भलता उतावळा. सगळ्यांच्या आधी हिसका मारायचा, पाय सुटायचे आणि खाली बसायचा. रस्सीखेचीत बसणं म्हणजे फाउल. मी त्याच्या पुढे, सात नंबरवर. बसायचा तो, शिव्या दोघांना.

फायनलच्या सकाळी त्याने चहा नाकारला. हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं.

"काहून रे, सिक रिपोर्ट नाही केला?"

"राखीव गडी रजेवर आहे, भाऊ. माझ्या जागी कोण उभा राहीन? बोलू नको कोणाजवळ."

मी बोललो नाही.

दोन ओढींत एक-एक अशी बरोबरी झाली. तिसऱ्या वेळी रेफरीने "टेक द स्ट्रेन" म्हणत रस्सी ताणायला लावली, तेव्हा सुदामचा गरम श्वास माझ्या मानेवर लागत होता. "पुल!" मी हिसक्याची वाट पाहिली. हिसका आलाच नाही. त्याच्या अंगात हिसका मारण्याएवढं बळच उरलं नव्हतं. तो टाचा मातीत रोवून नुसता मागे रेलला आणि तसाच राहिला. समोरचे खेचून खेचून थकले. मग आम्ही इंच इंच मागे सरकलो. इतकी चांगली रस्सी त्याने आधी कधी धरली नव्हती. शिट्टी वाजली, तो आडवा झाला, आणि आम्ही त्याला खांद्यावर घेऊन एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात नेलं. वरात निघाल्यासारखे नाचत होतो.

तेव्हापासून कंपनीत म्हण पडली, वाघाड्याला ताप येऊ द्या, कप आपलाच. जेवणाच्या लंगरमध्ये, परेडवर, जिथे तिथे तेच. सुदामही हसायचा. त्याला ते आवडायचं.

पुढे आमची कंपनी बर्फाच्या पोस्टवर गेली. सुदाम खोकत होता, अंगात कणकणही होती. नर्सिंग असिस्टंटने त्याला खाली पाठवायचं म्हटलं, तर हा त्याला म्हणाला, "अरे, अँकरला ताप चालतो." सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी तो गस्तीच्या तुकडीबरोबर गेला, कमरेला रस्सी बांधून, सगळ्यांत शेवटी. मी पोस्टवर रेडिओ सेटजवळ होतो. दुपारनंतर आवाज आला.

"वाघाडे बैठ गया है. उठ नहीं रहा. ओवर."

मी म्हटलं, उसको उठाओ, बैठने मत दो. दोनदा म्हटलं.

छातीत पाणी झालं होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. वेळेवर खाली आला असता तर वाचला असता. एवढा राग मला शत्रूचाही कधी आला नाही. सुदामचा आला, त्या कपाचा आला, आमच्या खिदळण्याचा आला.

आता रिटायर होऊन गढ्यातच राहतो. संध्याकाळी मैदानावर मुलींना रस्सीखेच शिकवतो. रस्सी हातात देण्याआधी प्रत्येकीच्या कपाळाला हात लावतो. पोरी हसतात, दादाजी का थर्मामीटर म्हणतात. म्हणू द्या.

परवा मॅचच्या दिवशी आमच्या अँकरचं कपाळ गरम लागलं. इथल्याच खमरिया वस्तीतली पोर, अंगाने मजबूत. मी म्हटलं, चलो, घर. ती म्हणाली, मी शेवटी उभी नाही राहिली तर आपण हरू. मी म्हटलं, हरू. हरलोही. तिने बॅग उचलली आणि माझ्याकडे न बघता निघाली.

फाटकापर्यंत मी तिच्याकडे बघत राहिलो. रागाने का होईना, पोर आपल्या पायांनी घरी चालली होती. माझ्या सुदामला ते मिळालं नाही.