पाचाचे दोन

इंदापूरची वैष्णवी बारामतीच्या एका दवाखान्यात फाइलींच्या टेबलावर बसते. पेशंटच्या प्रत्येक जुन्या दुखण्याचा ठरलेला कोड टाकायचा, हे तिचं काम. कोडांना गुण असतात, बेरीज कॉम्प्युटर करतो. बेरीज चारावर पोचली की इथं ऑपरेशन नाही, पुण्याला पाठवायचं, असा तिथला नियम.

त्या सकाळी लोणी भापकरच्या तानूबाई आल्या. गोठ्यात घसरून खुबा मोडलेला. बेरीज आली पाच. अँब्युलन्स दारात लागली. पण तानूबाईंनी खाटेची दांडी धरली.

"पुण्याला जायाची न्हाय. हितं करा, न्हायतर घरी न्या. मरायचं तर माझ्या गोठ्यात मरंन."

मुलगा रणजित रडकुंडीला आला.

वैष्णवीला ते पाच गळी उतरेनात. नीरेकाठच्या नरसिंहाचं नाव घेऊन तिनं कोड पुन्हा एकेक वाचले. साधा मधुमेह, एक. डोळ्यांवर गेलेला मधुमेह, दोन. अगं बाई, एकच दुखणं दोनदा? नियमानं त्यातलं जड तेवढंच धरायचं. एक गेला, राहिले चार. त्यात किडनीचे दोन. पण आजचा रक्ताचा रिपोर्ट तर किडनी ठणठणीत म्हणत होता!

किडनीचा जुना कागद घेऊन ती वॉर्डात धावली. नावाचा कोपरा फाटलेला, आडनाव तेवढं शिल्लक.

रणजितनं पाहिलं मात्र, "ताई, ह्यो तर दगडाकाकीचा! समद्या घराचे कागद एकाच पिशवीत असत्यात, खुंटीला."

"आणि मी तो आजींच्या नावावर चढवला," वैष्णवी पुटपुटली.

तानूबाई कण्हता कण्हता म्हणाल्या, "जावंची धुणी जन्मभर धुतली, आता तिची किडनी बी मलाच व्हय?"

अख्खा वॉर्ड हसला. वैष्णवी मात्र तशीच मोठ्या डॉक्टरांपुढं जाऊन उभी राहिली. "सर, चूक माझी. नाव न बघता कोड टाकला. बेरीज पाच नाही, दोन आहे."

डॉक्टरांनी तो जुना कागद आणि आजचा रिपोर्ट, दोन्ही उलटसुलट पाहिले. मग चष्मा काढून म्हणाले, "अँब्युलन्स परत पाठवा. उद्या सकाळी घेऊ यांना."

पाचव्या दिवशी वॉकर टेकत टेकत तानूबाई स्वतः वैष्णवीच्या टेबलापाशी आल्या. मागं रणजित, हातात बाजारातून आणलेल्या दोन कोऱ्या पिशव्या.

"लाल माझी, हिरवी जावंची," तानूबाई म्हणाल्या. "लिही बाई मोठ्या अक्षरात नावं. आन् बघ, तुझ्या बेरजेवर चालतीया मी!"