शंभालकर नाना आणि मानमोडीचे एलियन

शंभालकर नाना कामाला बसायच्या आधी त्यांचा मोबाईल बसायचा. आमच्या खानावळीच्या मागल्या अंगणात पाण्याची कळशी असते, तिला तो टेकवायचा, हिंदीतला एखादा व्हिडिओ लावायचा आणि मग माझा पाटा पुढ्यात ओढून डाव्या हातातल्या हातोडीनं ठोकायला सुरुवात करायची. मोबाईलमधला माणूस भरदार आवाजात विचारणार, "क्या हमारे पूर्वज अकेले थे?" आणि नाना ठोका न चुकवता इकडून उत्तर देणार, "न्हाई."

त्यांचं खरं आडनाव आता मलाही आठवत नाही. काम पाट्यांना, जात्यांना टाकी लावायचं. वाटून वाटून दगड गुळगुळीत झाला की छिन्नीनं पुन्हा बारीक खाचा पाडाव्या लागतात. नारायणगावापासून पिंपरी पेंढारपर्यंत तेवढ्यासाठी दारोदार फिरणारे नानाच. पण तिबेटात बर्फाच्या डोंगरांमागं शंभाला नावाचं गुप्त राज्य आहे, ही बातमी त्यांनी घरोघर अशी काही पोचवली की लोकांनी त्यांचं आडनावच बदललं. त्यांनाही ते आवडायचं. "आमचं मूळगावच म्हना की," म्हणून हसायचे.

शंभालाची माहिती त्यांना शेजारच्या वाडीसारखी. आठ पाकळ्यांच्या कमळासारखा मुलूख, मधोमध राजवाडा, आजारपण नाही, भांडण नाही. "कल्की तिथंच जल्माला येनार हाय, वैनी. आन् तिथली मान्सं मुळात हितली न्हाईतच. वरनं आली." वरून म्हणजे कुठून, असं विचारलं की हातोडी आभाळाकडं जायची. खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठाल्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून उभ्या आहेत ना, त्यांच्याबद्दल तर मत ठाम होतं. मी म्हणायची, "नाना, त्या ताऱ्यांकडून येणाऱ्या लहरी टिपतात." "व्हय व्हय," नाना म्हणायचे, "तुमाला तसंच सांगनार. पलीकडनं कोन बोलतंय, त्याचं नाव सांगत्यात का?"

मी तशी फटकळ. माझी मासवडी चालते ती पाट्यावरच्या वाटणावर. मिक्सरमधून काढलेलं तीळ-खोबरं मला तरी गिळवत नाही. म्हणजे नानांवाचून माझं अडायचं, आणि तरी टोचून बोलल्याशिवाय मला राहवायचं नाही. एकदा म्हटलं, "पाट्यासाठी पण वरूनच कोणी येत असेल तर बघा, तुम्ही फार उशीर करता." नाना खो खो हसले आणि वर चहा मागून घेतला.

लेण्यांचा विषय निघाला की मात्र हसू जायचं. जुन्नरच्या डोंगरांतली लेणी एलियननी कोरली, यात तडजोड नाही. "एवढं सरळ खांब? छिन्नी-हातोडीनं? वैनी, उभा जल्म दगड ठोकतोय मी, मला इचारा. आपल्या मान्साच्या हातचं काम न्हाई ते." आपल्या माणसाच्या, असं म्हणताना ते स्वतःच्या हातांकडं बघायचे. मला ते फार लागायचं. या माणसाला आपलं काम कवडीमोल वाटत होतं, आणि घरोघरचे मिक्सर रोज त्याला तेच सांगत होते.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी नाना आले ते हत्यारांची पिशवी माझ्या ओट्यावर ठेवूनच बोलायला लागले. बायको आधीच गेलेली, मुलगी शिनोलीला दिलेली. "ही ठिवा तुमच्याकडं. मी निघालो."

"कुठं?"

"तिकडं. सिक्कीमपातुर रेल्वेनं, मोटारीनं. फुडं त्ये बलावतील."

"डोकं ठिकाणावर आहे का नाना? थंडीनं मराल तिथं!"

"हितं कुनाचं आडलंय, वैनी? म्हैन्यात चार पाटं मिळत न्हाईत."

माझं अडतं, असं तेव्हा म्हणायला हवं होतं. जीभ नेमकी तेव्हाच वळली नाही. नानाच म्हणाले, "येक काम करा. जायच्या आदी ती लेनी दावा. तिथं कुनी इचारलं तर सांगता आलं पायजे."

"म्हणजे तुम्ही पाहिलीच नाहीत?"

"मोबाईलमदी समदी पायलीत की."

"अहो, लेण्याद्रीला दर चतुर्थीला जाता ना?"

"गनपतीचं दर्शन घ्यायचं आन् उतरायचं. भिताडाकडं कोन बघतंय?"

मग काय, खानावळ जावेवर टाकली आणि नानांना स्कूटरवर मागं बसवून जुन्नर गाठलं. मानमोडीच्या डोंगराची चढण चढताना आम्ही दोघंही धापा टाकत होतो. वर एक अर्धवट सोडलेलं लेणं आहे, भिंती अजून खडबडीत आहेत. नाना आत शिरले, चष्मा लावला आणि भिंतीवर हात ठेवला. मला वाटलं, दम लागला.

"वैनी," ते म्हणाले, "ह्यो डावरा व्हता."

"कोण?"

"ह्यो. घाव बगा, उलट्या अंगानं पडल्यात. माज्यावानी." त्यांची बोटं भिंतीवरून सरकायला लागली. "हितं टाकी बोथट झाली. हितं धार लावून आनली. आन् हितं..." बोटं थांबली. "हितं चुकला गडी. टवका जादा उडाला. मग खालनं तीन तिरपं घाव घालून झाकून घेतलंय. आमचा बा असंच शिकवायचा."

माझी जीभ ती, विचारलंच, "मग एलियन?"

नाना चष्मा पुसत म्हणाले, "एलियनला चुका झाकाव्या लागत्यात व्हय?"

उतरताना ते भेटेल त्याला राम राम घालत होते. खानावळीत आलो, नानांनी मासवडीचं ताट रिकामं केलं आणि म्हणाले, "माजी पिशवी कुटं ठिवलीया? पाटा घ्या भाईर." या वेळी मी लाज सोडून सांगितलं, "नाना, तुमच्यावाचून माझं अडतं हो." ते म्हणाले, "ठावं हाय. ग्वाड लागतंय ऐकायला, आनखी येकदा म्हना."

सिक्कीम राहिलं ते राहिलंच. व्हिडिओ मात्र सुटले नाहीत. "शंभाला हाय, वैनी. फकस्त लेनी आमी कोरली," एवढीच दुरुस्ती झाली. त्या 'आमी'वर असा काही जोर असायचा की मी वाद घालणं सोडून दिलं.

गेल्या वर्षी ते शेवटचे आले. हात थरथरत होता. एका कोपऱ्यात हातोडी घसरली आणि चांगला टवका उडाला. नानांनी माझ्याकडं चोरून पाहिलं आणि खालून तीन तिरपे घाव घातले. मी कळशी भरायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. आता ते शिनोलीला लेकीकडं असतात. फोन केला की आधी पाट्याची खुशाली विचारतात, मग माझी.

परवा आळेफाट्याकडचा नवा टाकीवाला आला. चांगला माणूस, हात साफ. पाट्यावरून बोट फिरवून म्हणाला, "हितं कुनाची तरी चूक झालीया, काकू. सपाट करून दिऊ?"

मी अशी ओरडले की गिऱ्हाइकं आतून बघायला आली. "सगळा ठोक, तेवढा कोपरा सोड!"

"आवो पन चूक हाय ती."

"माहीत आहे," मी म्हटलं. "माणसाची आहे."