एक जूनची शाळा

साताऱ्यातली आमची नगरपालिकेची शाळा यंदा शंभर वर्षांची झाली. स्मरणिकेचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि स्थापनेची तारीखच सापडेना. वर्ष माहीत होतं, पण जुन्या रजिस्टरचं पहिलं पान वाळवीनं खाल्लेलं. मी शिपाई साळूबाईंवर खेकसलो, "कपाटाकडं लक्ष द्यायला काय झालं होतं?"

"ती वाळवी माझ्या जन्माआधीची हाय, सर," त्या हसून म्हणाल्या.

साळूबाई याच शाळेत शिकल्या. आई त्यांना आटपाडीहून घेऊन आली, तेव्हा गुरुजींनी जन्मतारीख विचारली. आई म्हणाली, "ज्वारी काढायच्या दिवसांत झाली." गुरुजींनी लिहिलं, एक जून. तारीख ठाऊक नसलेल्या प्रत्येक पोराला ते हीच तारीख देत, म्हणजे शाळेत घालायचं वय बरोबर जुळे. पुढं साळूबाई इथंच घंटा द्यायला लागल्या, आणि त्याच तारखेच्या हिशोबानं यंदा मेअखेर निवृत्त होणार होत्या.

मी ते रजिस्टर त्यांच्यापुढं आपटलं. त्या एकेका ओळीवर बोट ठेवत गेल्या. एक जून. एक जून. एक जून. मग म्हणाल्या, "आवं सर, आमास्नी तारीख न्हवती तवा शाळेनं दिली. आता शाळेला न्हाई, तर आमी देतो की. लिवा, एक जून!"

लिहिलं. एक जूनला भर सुट्टीतही जुन्या विद्यार्थ्यांनी पटांगण भरलं. आदल्याच दिवशी निवृत्त झालेल्या साळूबाईंनी घंटा दिली. केकवर नाव एकट्या शाळेचं होतं, पण वाढदिवस सगळ्यांचाच. सुरीला हात लावायला रांग लागली.